मधू, तुझ्या बॉयलरच्या अहवालाविषयी

मधू, तेरावं झालं. पाहुणे गेले, सतरंज्या मंडपवाल्यानं नेल्या, उरलेल्या लाडवांचं काय करायचं ह्यावर दोन मावश्यांचं भांडणही झालं. म्हणजे सगळं रीतसर पार पडलं. काल घरी आले, पाय गरम पाण्यात घालून बसले आणि वाटलं, आता चार दिवस कुणी मला काही विचारू नये. तेवढ्यात तूच आठवलास, कारण विचारून गेलेला तूच आहेस.

हॉस्पिटलातली ती दुपार. नाकात नळी होती तरी तुझी बडबड चालूच होती. तुझी शुभा औषधं आणायला खाली गेली होती. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत तू म्हणालास, "ताई, एक विचारू? तुला पटलं का ग कधी?" काय पटलं, हे तू बोलला नाहीस आणि मीही विचारलं नाही. तुझ्या-माझ्यात इतकी वर्षं न पटलेली गोष्ट एकच होती. मिलची यंत्रं तपासून तू जो अहवाल दिलास, तो. त्या अहवालानंतर मिलचं फाटक पुन्हा उघडलं नाही. आणि तुझे जिजाजी, माझे यजमान, जे त्याच मिलच्या बॉयलरवर कामाला होते, ते तुझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

मी म्हटलं, "आधी ही पेज पी. निवतेय." तू पेज प्यायलास, चांगली झालीय म्हणालास आणि डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलास. नंतर ते भांडं घासताना मी बोट लावून बघितलं, तर पेजेत मीठच नव्हतं. आयुष्यभर खरं बोलून माणसांना हैराण केलंस आणि बहिणीशी शेवटचं वाक्य बोललास ते खोटं.

तर आता उत्तर देणं मला भाग आहे. पण लगेच देत नाही. जन्मभर शाळेत मास्तरकी केली आहे, नुसतं उत्तर लिहिलेला पेपर मी कधी पास केला नाही.

तू लहानपणापासूनच तसला. आपण तेव्हा मिलमागच्या चाळीत राहायचो, नाना मिलमध्ये टाइमकीपर होते. शाळेत सरांनी लंबकाचा प्रयोग दिला आणि उत्तर काय यायला हवं ते आधीच फळ्यावर लिहून ठेवलं. अख्ख्या वर्गाचं उत्तर फळ्याबरहुकूम आलं, तुझ्या एकट्याचं कमी. छडी खाल्लीस. घरी येऊन तू तुळईला दोरी बांधलीस, खाली खलबत्त्यातला बत्ता टांगलास आणि मला नानांचं घड्याळ धरून बसवलंस. आई मसाला कुटायला बत्ता शोधतेय आणि बत्ता माजघरात झोके घेतोय. उत्तर पुन्हा कमीच आलं. तू म्हणालास, "बघ ताई, मी बरोबर होतो." खूप वर्षांनी, तू स्वतः शिकवायला लागल्यावर, तुला आपली चूक कळली. तू फक्त दोरी मोजली होतीस, खाली लटकणारा बत्ता लांबीत धरलाच नव्हतास. ही गोष्ट तू दर वर्षी नव्या पोरांना सांगायचास आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचास.

त्याच हट्टानं तू इंजिनिअर झालास. मराठी शाळा, मग इथलंच कॉलेज, मग बाहेर जाऊन मोठी डिग्री. नाना चाळभर पेढे वाटत फिरले, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याही दारात उभे राहिले. डॉक्टरेट मात्र राहिली ती राहिलीच. तुझे गाईड म्हणाले होते, तुझी दोन-तीन रीडिंग माझ्या सूत्रात बसत नाहीत, जरा इकडची तिकडे कर. तू म्हणालास, रीडिंग आहेत तिथेच राहतील, मीच जातो. आणि खरोखर ट्रंक घेऊन परत आलास. नानांनी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला. पुढे कॉलेजात लोक तुला सवयीनं ‘डॉक्टरसाब’ म्हणायचे आणि तू प्रत्येकाला थांबवून सांगायचास, "डॉक्टर नहीं हूँ भिया, अधूरा छोड़ के आया हूँ।" कशाला सांगायचास रे? कुणी विचारलं होतं? प्रमोशनं पुढून निघून गेली, तुझ्या हाताखालची पोरं हेड झाली, आणि तू त्या लॅबमध्ये लोखंडाच्या सळ्या तोडत बसलास.

ती लॅब मी एकदाच बघितली. आठवीच्या मुलींना घेऊन आले होते. तू मशीनच्या जबड्यात एक सळई अडकवलीस आणि चाक फिरवायला लागलास. सळई ताणली जातेय असं तू म्हणत होतास, आम्हांला काही दिसत नव्हतं. मग मधोमध ती जरा बारीक झाली आणि धाडकन तुटली. मुली किंचाळल्या. तुझा चेहरा असा फुलला होता की माझ्या शिपायानं विचारलं, "बाई, साहेबांना दुसरं काम नाही का?"

तुझी खोड तिथंच होती. पोरं प्रयोग न करता वरच्या वर्गातल्यांच्या फायलींतून आकडे उतरवायची. सगळ्या कॉलेजांत उतरवतात. सळई तीच, मशीन तेच, आकडा तोच. तू काय करायचास, तर मधूनच एखादी वेगळ्या पोलादाची सळई त्याच रंगात रंगवून ठेवायचास. ज्यानं खरंच ताणली त्याचा आकडा वेगळा, ज्यानं उतरवला त्याचा जुनाच. मग फाइल उघडून म्हणायचास, "पका के लाए हो? पका हुआ तो मैं घर पे खाता हूँ।" तुझ्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं खजरान्याला जाऊन गणपतीपुढे नारळ फोडायची. तू त्यांना विचारायचास, सळई कुठली ते गणपतीनं सांगितलं का? त्यांना तू नापास मात्र करायचा नाहीस. पुन्हा ये, पुन्हा ताण, जे दिसेल ते लिही. एकेक पोरगा चार-चार वेळा यायचा. शुभा जेवायला थांबलेली असायची आणि तू कुणाची तरी सळई तुटायची वाट बघत बसलेला असायचास.

हे सगळं मला आवडायचं, असं आता लिहिते. तेव्हा तुला कधी म्हटलं नाही. आपल्याकडे भावाचं कौतुक त्याच्या पाठीमागे करतात, आणि मी ते शाळेत इतकं केलं की स्टाफरूममध्ये मी आले की बायका म्हणायच्या, आता मधुकरपुराण सुरू.

मग मिलचे दिवस फिरले. एकेक मिल आजारी पडत होती. आजारी हा सरकारचा शब्द, जणू कुणी काढा देणार होतं. पगार आज होईल, उद्या होईल. पेपरात रोज नवी धोरणं, बाजार खुला होणार, परदेशी कंपन्या येणार, आणि आमच्या गल्लीत माणसं दुपारी घरी बसलेली. भरदुपारी ओट्यावर बसलेले एवढे पुरुष मी त्याआधी कधी बघितले नव्हते. हे रोज डबा घेऊन जायचे, बॉयलर थंड असला तरी त्याच्यापाशी बसून यायचे. ‘सरकार मिल चालवायला घेणार’ ह्या एका वाक्यावर अख्खी वस्ती जगत होती. त्यासाठी यंत्रं कशी आहेत ते बघायला समिती नेमली आणि तुझ्या कॉलेजातून तुझं नाव गेलं.

तू आधी नाही म्हणाला होतास, हे मला माहीत आहे. माझे जिजाजी त्या मिलमध्ये आहेत, मला नको, असं तू प्रिन्सिपलना सांगितलंस. ते म्हणाले, "मधुकरजी, इंदौर में किसका जीजा मिल में नहीं है?" तेही खरंच होतं.

गल्लीत आनंद झाला. आपला माणूस समितीत आहे. बायका माझ्या घरी येऊन बसायला लागल्या, "दीदी, मास्टरजी से बोल देना।" ह्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला, तू तपासणीला येशील त्या दिवसासाठी. तुला पहिल्यांदा बॉयलर दाखवला तो ह्यांनीच ना. आमचं नवं लग्न, तू कॉलेजात, सुटीत हे तुला मिलमध्ये घेऊन गेले, भट्टीचं दार उघडून दाखवलं आणि तू भुवया जाळून घरी आलास. आई ओरडली तर हे म्हणाले, आता पोरगा इंजिनिअर झाला.

तपासणी झाली आणि त्या रविवारी दुपारी मी तुझ्या क्वार्टरवर आले. शुभानं चहा ठेवला आणि आपल्याला बोलू द्यावं म्हणून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली. वाळलेलेच कपडे तिनं पुन्हा घातले, हे मी खिडकीतून बघत होते.

"मधू, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"माग ना, ताई."

"‘दुरुस्तीनं चालण्याजोगी आहे’, एवढं लिही."

तू बशीत चहा ओतलास, प्यायला नाहीस. "ताई, बॉयलर खलास आहे ग. पत्रा आतून खाल्लाय. रिव्हेटच्या लाइनीत क्रॅक आहेत, मी हात फिरवून बघितलं."

"आजपर्यंत चालला ना?"

"चालला, ती मेहेरबानी त्याची. अजून थोडे दिवस चालेल पण. मग एक दिवस फुटेल. तेव्हा त्याच्या सामने कोण उभं असेल, सांग बरं?"

मी मग म्हटलं, "तर मग नवा बॉयलर घ्या, असं लिही."

"तेही लिहिलंय. पण नवा बॉयलर, झिजलेले माग, सगळं धरून आखिर में एक शब्द लिहावा लागतो, मिल चालण्याजोगी आहे की नाही. नाही आहे. आकडे कुणाच्या बाजूचे नसतात, ताई."

"आकडे नसतील. आकडे मागवणारा असतो. मिलची जमीन कुणाला हवी आहे, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे, फक्त तुला नाही. तुला बॉयलर बघायला नाही बोलावलं मधू, सही करायला बोलावलंय."

"मी नाही केली तर दुसरा करेल."

"करू दे की दुसऱ्याला!"

"दुसरा न बघता करेल," तू म्हणालास.

उत्तर नसलं की मी जे करते तेच केलं, वर्मावर बोट ठेवलं. "तू अजून दोरीच मोजतोयस. बत्ता नाही धरलास." तू हसलास, पण डोळ्यांनी नाही. पायरीपर्यंत सोडायला आलास. मी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत पदरानं तोंड पुसत राहिले.

अहवाल गेला. मिल बंद झाली. तू लिहिलं नसतंस तरी बंद झालीच असती, हे तू नंतर मला चार वेळा सांगितलंस आणि चारही वेळा मी म्हटलं, मग तुझ्याच हातून कशाला? यंत्रं भंगारात गेली. बॉयलरचे तुकडे करून ट्रकवर चढवताना बघायला गल्लीतली माणसं गेली होती, हे गेले नाहीत. ‘मास्टर ने मिल को फाँसी दे दी,’ असं लोक म्हणायचे. माझ्या तोंडावर नाही म्हणायचे, मी आले की एकदम भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागायचे. मला ते जास्त लागायचं. माझ्याही शाळेत मिलमधल्यांची पोरं होती. एका मुलीनं मला विचारलं, बाई, तुमच्या भावाला मिल आवडत नव्हती का? काय सांगू तिला? मी म्हटलं, पाढे म्हण.

ह्यांना शेवेच्या कारखान्यात भट्टीवर काम मिळालं. ज्वाळा ओळखणारा माणूस पाहिजे होता त्यांना. वाफेच्या माणसाच्या कपड्यांना तेलाचा आणि ओव्याचा वास यायला लागला. हे कधी तक्रार करायचे नाहीत, तुला शिव्याही द्यायचे नाहीत. नुसते तुझ्या नावापाशी थांबायचे आणि दुसरं काही बोलायचे. शिव्या दिल्या असत्या तर मी तरी भांडले असते.

आणि भाऊबीज. तू दर वर्षी आलास, एकही चुकवली नाहीस. तुझी स्कूटर गल्लीत वळली की हे पिशवी उचलायचे. "भाजी घेऊन येतो." ओवाळणं, फराळ, तुझ्या पोरांच्या गोष्टी, सगळं होऊन तू गेलास की हे परत यायचे, दोन्ही हातांत पिशव्या. दुधी, गिलकी, पालक, कोबी. वेळ काढायला मंडीत प्रत्येक दुकानापाशी थांबायचं तर घ्यावंही लागतं. भाऊबीजेनंतर आठवडाभर आमच्याकडे नुसती भाजी. एकदा तू जाताना म्हणालास, "जिजाजींना सांग, या वेळी वांगी पण आणा, माझ्या मीनूला आवडतात." मी हसून हसून रडले आणि मग नुसतीच रडले. सांगितलं नाही. त्या वर्षी ह्यांनी वांगी आणली होती, हे तुला कळवायचं राहिलं.

मी थकले होते रे. तुमच्या दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर उभी राहून थकले. तू बरोबर की हे बरोबर, हा हिशेब मी सोडून दिला. आठवड्यातून एकदा तुझ्याकडे यायचं, तुझ्याकडे गेले होते हे घरी सांगायचं नाही, आणि ह्यांनीही विचारायचं नाही. त्यांना कळायचं, कारण त्या दिवशी ते स्वतःच चहा करायचे.

निवृत्तीनंतर बायपासवरच्या एका नव्या कॉलेजनं तुला बोलावलं. काचेची इमारत, कारंजं, लॅबमध्ये चकचकीत मशीनं आणि त्यांवरची प्लास्टिकं अजून काढलेली नव्हती. मला बरं वाटलं, म्हातारपणी तरी चार माणसांसारखा राहील. एका सत्रात परत आलास. प्रॅक्टिकलचे मार्क आधी भरायचे आणि प्रयोग जमेल तसे, अशी तिथली रीत. "ताई, वहाँ तो लॅब ही कढ़ाई है," म्हणालास आणि चपला काढून माझ्या ओट्यावर बसलास. तेव्हा पहिल्यांदा तू मला म्हातारा दिसलास. पुढे काही वर्षं तू गल्लीतल्या पोरांना गणित शिकवलंस, मिलमधल्यांच्याच नातवंडांना. तुझा वर्ग सुटला की ती माझ्या दारावरून ओरडत जायची, "मास्टरजी ने आज फिर रोक लिया!" कुणाला आठवत होतं की तू मिल बंद केलीस? पोरांना नव्हतं. म्हाताऱ्यांना होतं, पण तेही नातवंडांना पाठवायचे.

तू गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी तुझा एक जुना विद्यार्थी आला, तिवारी. आता पीथमपूरला कारखान्यात मोठ्या जागेवर आहे, डोक्यावर टक्कल, आणि शुभासमोर पोरासारखा मांडी घालून बसला. म्हणाला, "सर वायवा में आख़िरी सवाल एक ही पूछते थे। ये टेस्ट मँगवाया किसने, और वो रिज़ल्ट का करेगा क्या? हम बोलते, सर, ये तो सिलेबस में नहीं है। सर बोलते, मेरे में भी नहीं था, मेरी बहन ने पढ़ाया।"

मी विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, आमची बॅच मिल बंद झाल्यानंतरची, आमच्या आधी नव्हतं म्हणे.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. शुभाला वाटलं मला रडू आलं. मला राग आला होता, मधू. इतक्या बॅचना सांगितलंस! जबलपूर, भोपाळ, खांडव्याची पोरं, ज्यांची मला नावं माहीत नाहीत, त्यांना माहीत होतं की तू माझं ऐकलंस. मला नाही. मला भेटलास की ‘आकडे कुणाच्या बाजूचे नसतात’ हेच पुन्हा. एकदा म्हणाला असतास, ताई, तुझंही थोडं खरं होतं, तर तुझा काय बॉयलर फुटणार होता? राग उतरायला दोन दिवस लागले. उतरला तेव्हा बरं वाटलं, हेही सांगते. जन्मभर शिकवलं, पण माझा सगळ्यांत हट्टी विद्यार्थी पास झाला होता आणि मला पत्ता नव्हता.

मग दहावा. मुक्तिधामाच्या मागे, नदी म्हणायचं म्हणून नदी, तिच्या काठावर. बायका जात नाहीत म्हणे. मीनूनंच अग्नी दिलेला, तेव्हा आता कोण कुणाला अडवणार? पिंड ठेवला आणि सगळे मागे सरलो. कावळा आला, भिंतीवर बसला आणि चोच घासत राहिला. मीनू पुढे झाली, "बाबा, आईला मी माझ्याकडे नेईन." कावळा हलेना. शुभा म्हणाली, "माझी काळजी करू नका." तिवारी हात जोडून म्हणाला, "सर, लॅब की चिंता मत करना।" कावळा ऐकत होता आणि मानत नव्हता, अगदी तुझ्यासारखा.

शुभा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणा ना. पटलं म्हणा. त्यांच्या मनात तेवढंच होतं." म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी पुढे गेले, हात जोडले. खोटं बोलायला मी घाबरत नाही. देवळात बोलले आहे, शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे बोलले आहे, तुझ्यासाठी नानांपुढे कितीदा तरी. एक शब्द होता. म्हटला असता तर सगळे घरी गेले असते, ऊनही चढलं होतं. नाही म्हणता आला. मी तशीच उभी राहिले.

तेव्हा मागून हे आले. सकाळपासून नळापाशी एकटे बसले होते, आले आहेत हेच पुष्कळ, असं मी मनात म्हणत होते. चपला काढून पिंडाच्या समोर उभे राहिले. हात जोडले नाहीत. नेहमी बोलतात तसं बोलले. "मास्टर, बॉयलर खलास होता. मला मालूम होतं, तुझ्या आधीपासून मालूम होतं. तू झूठ नाही लिहिलंस. जा आता, आरामात जा."

सगळे कावळ्याकडे बघायला लागले. तो उडाला आणि शेजारच्या कुणाच्या तरी पिंडावर जाऊन बसला. गुरुजींना पुढे अजून एक काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले. पकवलेलं रीडिंग! मला हसू आवरेना. पदर तोंडावर धरला, लोकांना वाटलं फारच लावून घेतलंय हिनं.

परत येताना रिक्षात आम्ही दोघंच. जुन्या इंदूरच्या पुलापाशी मी विचारलं, "तुम्हांला माहीत होतं, तर इतकी वर्षं त्याच्याशी बोलला का नाहीत?"

हे रस्त्याकडे बघत होते. "बॉयलर खलास होता," म्हणाले. "मी खलास नव्हतो ना. ते कुठं लिहिलं त्यानं?"

तर मधू, उत्तर. नाही पटलं. बॉयलरचं पटलं होतं, त्याच दुपारी, तुझा चहा निवत असतानाच पटलं होतं. त्याबद्दल मी तुझ्याशी कधी भांडत नव्हते, आणि तरी भांडत होते. काय राहिलं होतं ते मला शब्दांत सापडत नव्हतं. अख्ख्या वस्तीला सापडलं नाही, आणि ज्याला ठाऊक होतं तो भाज्या आणत बसला. बॉयलर संपला आहे, माग संपले आहेत, ही सगळी माणसं संपलेली नाहीत. एवढी एक ओळ, आणि खाली तुझी सही. कुणी वाचली नसती, मिल बंद झालीच असती. पण ह्यांनी एकाही भाऊबीजेला पिशवी उचलली नसती.

तू काय म्हणाला असतास ते मला इथे बसून ऐकू येतंय. ताई, सरकारनं दिलेल्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता.

नव्हता रे. तू आखायचा होतास.